झोळीत तिरपं झोपायचं असतं

माघ संपत आला की आमच्या सिंदी मेघेच्या कॉलनीत एक बाई ओल्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन येते. डोक्यावर टोपलं, टोपल्यावर ओलं फडकं. फाटकाशी उभी राहून ती हमखास म्हणते, "घ्या मॅडम, हिंगणीकडचा हाय." आमचं गाव हिंगणी, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मी जुडी घेते, घाटे सोलायच्या आधी बोट जिभेला लावते. हरभऱ्याच्या पानांवर असतो तो आंबटपणा जिभेला लागला की माझी उरलेली दुपार गेलीच म्हणून समजा. इतरांना असल्या चवीनं बालपण आठवतं, बरं वाटतं. मला एक दुपार आठवते आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

यंदा त्यात भर पडली ती शाळेच्या कॅम्पिंगची. मी वर्ध्याच्या एका शाळेत शिकवते. सहली मुलांच्या निघतात, त्यांत शिक्षकांनी मुलं मोजायची असतात. यंदा मात्र स्टाफचीच सहल काढायची टूम निघाली आणि आम्ही अकरा जण बोर धरणाच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका कॅम्पवर दोन दिवस राहून आलो. तंबू, शेकोटी, भरीत-भाकरी, आणि सागाच्या झाडांना बांधलेल्या रंगीत नायलॉनच्या झोळ्या. तिथल्या लोकांच्या भाषेत हॅमॉक. आमच्या ड्रॉइंगच्या मॅडम झोळी पाहून अशा किंचाळल्या की झाडावरचे पोपट उडाले.

तिथला शिकवणारा तरुण नागपूरचा होता, मोठा उत्साही. त्यानं आम्हाला अर्धवर्तुळात उभं केलं आणि झोळीत कसं झोपायचं याचा पाठ घेतला.

"दोरी टाइट नाही करायची. लोकं तिथंच मिस्टेक करतात. थोडी ढिली सोडायची, पोट लटकलं पाह्यजे. आन् सीधं नाही झोपायचं, मॅडम. सीधं झोपले तं कमर दुखते. तिरपं झोपायचं. डोकं एका बाजूनं, पाय दुसऱ्या बाजूनं. मंग पाहा, पाठ कशी सपाट होते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पीटीच्या सरांनी वहीत लिहून घेतलं नाही एवढंच. मी मागे उभी राहून दात आवळत होते. मला हा पाठ दहाव्या वर्षीच पाठ झाला होता, आणि तो मी एका बाईला शिकवलाही होता. माझी एकुलती एक विद्यार्थिनी म्हणा. तिचं पुढं काय झालं ते सांगितलं असतं, तर त्या पोरानं माझ्याकडं पाहून पुढचा पाठ घेतला असता का, कोण जाणे.

आमचं शेत हिंगणीपासून बरंच लांब, जंगलाच्या कडेला होतं. हरभरा पिकायला आला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, उतरायचे. रोज जाऊन येऊन राखण होत नसे, म्हणून सवंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत आम्ही शेतातच मुक्काम टाकायचो. पंधरा-वीस दिवस. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या कुडाचं झोपडं, तीन दगडांची चूल, पाण्याला नाला. आत्ता लोक त्यासाठी पैसे भरून नंबर लावतात, तेव्हा आम्ही त्याला "वावरात राह्यलो" एवढंच म्हणायचो. मुक्कामाला चौघं असायचो. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. माझे बाबा. आई. आणि मी, कारण मला घरी सांभाळायला कुणी तयार नसे आणि शेतात माझा पाणी आणायला उपयोग होई.

हरभरा पहाटे कापतात. दंव असतं तोवरच. ऊन चढलं की घाटे तडकतात, दाणे मातीत जातात. म्हणून अंधारातच विळे सुरू व्हायचे आणि दहा-साडेदहाला खाली ठेवावे लागायचे. त्यानंतर दुपारभर शेतात करण्यासारखं काही नाही. म्हणजे पुरुषांना नाही. आईला चूल होती, धुणं होतं, नाल्याच्या चकरा होत्या, शेणाचा सडा होता, आणि या सगळ्याआधी पहाटेची सवंगणीही होतीच. तिची बोटं हरभऱ्याच्या खारानं फाटलेली असायची. रात्री ती त्यांना करडीचं तेल लावून चुलीवर शेकायची, आणि तो वास मला अजून कुठेही आला तरी ओळखू येतो.

झोळी ही बाबांची करामत. लग्नाआधी ते जंगलखात्याच्या एका कॅम्पवर काही दिवस मजुरीला होते. तिथं कुणी साहेब दोन झाडांमध्ये कापड बांधून झोपायचा म्हणे. बाबांनी ते डोळ्यांत साठवून ठेवलं. मोठ्या बाबांची कंबर धरायची, जमिनीवर मुंग्या, आणि खाट एवढ्या लांब कोण नेणार. मग बाबांनी कापूस बांधायचं जाडं चवाळं घेतलं, दोन्ही टोकांना चुण्या घालून दोर आवळला आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आंबा आणि कडुनिंबाच्या मध्ये ते टांगलं. पहिल्या दिवशी घट्ट बांधलं. मोठे बाबा त्यात ताठ निजले आणि कलंडून पडले. दुसऱ्या दिवशी बाबांनी दोर सैल सोडला. मग तिरपं झोपायची युक्ती सापडली. बाबांना त्या झोळीचा फार अभिमान होता. गाठ कशी मारली ते ते मला पुन्हा पुन्हा दाखवायचे. एका अंगानं ओढली तर हत्तीलाही दाद देणार नाही, दुसऱ्या अंगानं ओढली तर पोरही सोडेल.

दुपारी जेवणं झाली की आधी मोठे बाबा झोळीत जायचे. त्यांची झोप झाली की बाबा. मग मी. माझा नंबर लागेपर्यंत उन्हं कलायची, पण तेवढीही चैन होती. चवाळं अंगाभोवती मिटायचं, वर आंब्याचा मोहोर, कडुनिंबाच्या पानगळीतून पडणारे उन्हाचे ठिपके. कानाशी मधमाशा. आईची तेवढ्यात भांडी घासून झालेली असायची आणि माझ्या बाजूनं जाता जाता ती झोळीला एक हलकासा झोका देऊन जायची. टांगलेल्या झोळीला तिचा हात लागायचा तो एवढाच.

एकदा तिनं विचारलं, "काऊन व, कसं वाटते आतमंदी?"

मी म्हणाले, "पान्यावर निजल्यावानी."

"हो का," ती म्हणाली आणि घागर उचलून नाल्याकडं गेली.

आता हे वाचून कुणी म्हणेल, मग झोपायचं ना तिनं, कुणी अडवलं होतं? कुणी अडवलं नव्हतं. अडवावं लागतच नसे. मोठे बाबा आईचे भासरे. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांच्या पुढ्यात बसायचं नाही, त्यांच्या अंथरुणाला शिवायचं नाही, ते समोरून आले तर पदर हनुवटीपर्यंत ओढून बाजूला उभं राहायचं. ते तिच्याशी थेट बोलत नसत. ती दोन हातांच्या अंतरावर उभी असली तरी बाबांना म्हणायचे, "तिले सांग, भाकर वाढ म्हणा." तीही मला म्हणायची, "इचार, कोड्यास पाह्यजे का म्हणा," आणि मी मधे बसून दोघांचे भाकरी-कालवणाचे निरोप पोचवायची. मला तेव्हा त्यात गंमत वाटायची. एवढ्याशा झोपड्यात मी पोस्टमन होते. अशा माणसाच्या झोळीत ती निजणार कशी? त्या चवाळ्यावर झोपणं सोडा, ते सुकत घालतानाही ती काठाला धरून घालायची.

त्या चवाळ्याचं आणखी एक काम होतं. हरभऱ्यावर रात्री कापड पसरलं की त्यावर दंव उतरतं, आणि पानांवरचा आंबटपणा त्यात भिजतो. पहाटे ते कापड पिळलं की निघतं ती आंब. पोटदुखीला, अपचनाला ती बाटलीत भरून वर्षभर ठेवतात. पसरणं आणि पिळणं ही दोन्ही कामं आईची. आधी त्यासाठी एक जुनं धोतर होतं. पण मोठ्या बाबांना पोटाची तक्रार होती आणि आंब भरपूर हवी होती. ते म्हणाले, "तिले सांग, चवाळंच पसर म्हणा रातचं. मोठं कापड, मोठी आंब." आई माझ्या कानात पुटपुटली, "आंब कापड खाते, सांग त्याईले." मी सांगितलं. मोठे बाबा हसले. "एवढं जाडं चवाळं खाते थे? चवाळं हाय का मलमल?" संपला विषय. दिवसा मोठे बाबा ज्यात झोपायचे, तेच कापड रात्री आई शेतात पसरायची आणि पहाटे फाटक्या बोटांनी पिळायची. आंबेचं पाणी चिरांमध्ये गेलं की ती श्वास आत ओढायची. फक्त तेवढा आवाज यायचा, बाकी काही नाही.

आमच्या कॅम्पवर सकाळी आम्हाला गवती चहा दिला. काचेच्या ग्लासात, वर पुदिन्याचं पान. ड्रॉइंगच्या मॅडम म्हणाल्या, "किती प्युअर आहे ना इथं सगळं. आपले जुने लोक खरंच सुखी होते." मी म्हणाले, "हो, काही जुने लोक फार सुखी होते." त्यांना वाटलं मी सहमत आहे. त्यांनी माझा झोळीतला फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. त्यात मी हसते आहे.

त्या वर्षी होळीच्या आधीच्या आठवड्यात सेलूचा बाजार होता. मोठे बाबा आणि बाबा दोघंही सकाळची सवंगणी उरकून बाजाराला निघाले. हिंगणीपर्यंत पायी, पुढं बस. यायला दिवस मावळणार होता. जाताना झोळी तशीच टांगलेली राहिली. आईनं आमची दोघींची भाकर केली, जेवलो, आणि मग पहिल्यांदाच असं झालं की तिच्या हाताला लगेच काही काम सापडेना. ती झोळीजवळ गेली. एक बोट लावून तिनं ती हलवून पाहिली. मग माझ्याकडं पाहून हसली. त्या हसण्यात थोडी लाज होती आणि थोडा वांडपणा. माझी आई वांडही असू शकते हे मला त्या क्षणी कळलं.

"पाहू का एक डाव?" ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी नाचायलाच लागले. झोळी धरून ठेवली, तिला बसवलं. ती आधी सरळ निजली आणि तिची हनुवटी छातीला टेकली. मी म्हणाले, "असं नाई, आई. तिरकी झोप. डोकं इकडं, पाय तिकडं." ती तिरकी झाली. एक पाय अजून खाली जमिनीला टेकलेला होता. मी म्हणाले, "पाय वर घे ना. वर घेतल्याबिगर मजा नाई येत." तिनं पाय वर घेतला. झोळी तिच्याभोवती मिटली. आतून ती म्हणाली, "अवो माय, हे तं खरंच पान्यावानी हाय." आणि खुदखुदली.

मग तिला आठवलं. डोकं बाहेर काढून म्हणाली, "तू धुऱ्यावर बसजो. वाटेवर नजर ठेव. कोणी दिसलं का हाक मारजो. जाऊ नको कुठी."

"कोणी नाई येत, आई. तू झोप."

मी धुऱ्यावर बसले. थोड्या वेळानं तिच्या श्वासाचा आवाज बदलला. मी जाऊन पाहिलं. तिचं तोंड किंचित उघडं होतं, फाटलेला एक हात झोळीबाहेर लोंबत होता, पदर सरकला होता. दिवसाउजेडी तिला झोपलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. ती फार लहान दिसत होती. मला कसंनुसं झालं, मी परत येऊन धुऱ्यावर बसले. वाट रिकामी होती. ऊन तापलं होतं. आणि समोर, नाल्याच्या काठावर, पळस फुलला होता.

होळीचा रंग आम्ही पळसाच्या फुलांचा करायचो. चार दिवसांवर होळी आलेली. मी विचार केला, नुसतं जाऊन येते, ओचाभर फुलं आणते. आई उठेल तेव्हा खूष होईल. माणूस दहा वर्षांचं असलं तरी स्वतःला फसवायला पुरेसं मोठं असतं. नाल्यावर गेले, फुलं वेचली, मग पाण्यात पाय घातले, मग खेकडा दिसला.

परत आले तेव्हा झाडाखाली तिघं होते. सेलूला जायची बस आलीच नव्हती. वाट पाहून पाहून दोघं हिंगणीवरूनच माघारी फिरले होते. मोठे बाबा पाठमोरे उभे होते. आई कडुनिंबाच्या बुंध्याशी, पदर हनुवटीच्याही खाली ओढलेला. बाबा झोळी सोडत होते.

मोठे बाबा ओरडले नाहीत. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांना सगळे भले माणूस म्हणायचे. ते आंब्याकडं पाहून बोलत होते. "आम्ही उन्हात दोन कोस तुडवून राह्यलो, अन् घरची सून पाळण्यात. उघड्या वावरात. वाटंनं जाणाऱ्यानं काय म्हणावं?" मग बाबांना, "तिले सांग, थे धुवून आण म्हणा. तसंच नाई वापरता येत मले आता."

मग ते माझ्याकडं वळले. "तू कुठी होती व?"

"नाल्यावर," मी म्हणाले. ओच्यातली फुलं तेवढ्यात खाली पडली. आईनं पदराआडून माझ्याकडं पाहिलं की नाही ते मला दिसलं नाही. मी इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आले की तिनं पाहिलं नसावं.

बाबांनी गाठी सोडल्या. चांगल्या नीट, एकेक करून, घाई न करता. ज्या अंगानं ओढलं की पोरही सोडेल, त्या अंगानं. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. "मीच म्हटलं तिले निज जराशी," एवढं खोटं बोलले असते तरी चाललं असतं. मोठे बाबा गप्प बसले असते, चवाळं तिथंच राहिलं असतं, आणि आईच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या दुपारी वेगळ्या गेल्या असत्या. बाबा वाईट नव्हते. ते माझ्यावर जीव टाकायचे, आईवर हात उगारला नाही त्यांनी कधी. पण त्या दिवशी त्यांनी चवाळ्याची नीट घडी घातली आणि ती आईच्या हातात दिली. बाबा आता नाहीत. मी त्यांना यासाठी माफ केलेलं नाही, आणि ते गेले म्हणून करावं असंही मला वाटत नाही.

आईनं नाल्यावर चवाळं धुतलं. मी काठावर उभी. तीन वेळा आपटलं, तीन वेळा खळबळलं. मी म्हणाले, "आई, मी फुलं आणली होती." ती म्हणाली, "पिळू लाग." मी एक टोक धरलं, तिनं दुसरं. दोघींनी मिळून ते पिळलं. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही.

गोष्ट इथंच थांबली असती तर मी कदाचित विसरले असते. चारेक दिवसांनी मोठे बाबा दुपारी झोळीत तिरपे झाले आणि चवाळं मधोमध टर्रकन फाटलं. ते दाणकन जमिनीवर. कंबर आधीच धरलेली, त्यात हे. आंबेनं कापड खाल्लं होतं, रोज रात्री थोडं थोडं. फाटलेल्या जागी सूत पिवळं पडून भुसभुशीत झालेलं मी माझ्या हातानं कुसकरून पाहिलं. पण मोठे बाबा कण्हत कण्हत म्हणाले, "बाईमाणूस निजलं त्यात, तवाच मी समजलो." आणि बाबा हसले. भावाचं मन राखायला हसले असतील. हसले मात्र खरे.

तेव्हापासून ती आमच्या घराण्यातली मजेची गोष्ट झाली. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, पंगती उठल्या की कुणीतरी विषय काढायचं. "आमच्या सूनबाईनं झोळी फाडली, ठाऊक हाय का?" मोठे बाबा स्वतः रंगवून सांगायचे, पडल्याचा आवाज काढून दाखवायचे. आंबेचा उल्लेख त्यात कधी आला नाही. नव्या सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. आईसुद्धा हसायची. मी मोठी झाले, बीएड झाले, वर्गात मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवायला लागले, आणि त्या पंगतीत बसून मीही हसत राहिले. एकदाही म्हणाले नाही की कापड आंबेनं खाल्लं होतं आणि पहाऱ्यावर मी होते. बाबांवर राग धरणं त्यामानानं सोपं आहे.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडं राहायला आली. आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहे. ती दुपारी आडवी होत नाही. भिंतीला टेकून बसते, डुलकी लागते, मान खाली येते, आणि फाटकाची कडी वाजली की ताडकन सावरते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. डोळ्याला पट्टी, तरी बेल वाजली की उठून बसायची. दारात दूधवाला असायचा. मी रागवायची, "आई, तुझ्या भासऱ्यांना जाऊन किती वर्षं झाली." ती म्हणायची, "सवय हाय बाई." माझे यजमान संध्याकाळी ऑफिसातून आले की ती अजूनही खुर्चीतून उठते. ते बिचारे "आई, बसा हो" म्हणतात. ती ते आत जाईपर्यंत बसत नाही.

कॅम्पवरून आले त्याच आठवड्यात मी तसली झोळी मागवली. हिरवी, नायलॉनची, आंब काय, तेजाबानंही खाल्ली जाणार नाही अशी. अंगणातल्या कडुनिंबाला आणि व्हरांड्याच्या खांबाला बांधली. सैल बांधली. बाबांची गाठ हाताला अजून येते हे पाहून मला बरं वाटलं आणि लगेच राग आला. आईला म्हणाले, "ही तुझी." तिनं लांबून पाहिली. "मजबूत हाय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर झोळीवर तिचं ओलं लुगडं वाळत होतं. तिसऱ्या दिवशी त्यात लसूण सुकत होता. रविवारी आमचे हे वर्तमानपत्र घेऊन त्यात पसरले आणि म्हणाले, "वा, मस्त आणलीस. चहा इथंच दे." मी चहा नेऊन दिला. कपबशी त्यांच्या हातात देईपर्यंत माझ्या काही लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सुरू करून उभी राहिले. वैतागानं हसूही येत होतं.

परवा शाळेला सुट्टी होती. हे ऑफिसात. हरभरावाली येऊन गेली होती, आई व्हरांड्यात बसून घाटे सोलत होती. बोटं आता पहिल्यासारखी फाटत नाहीत, पण सोलता सोलता आई मधेच ती चाटून पाहत होती. मी पण तिच्याजवळ बसून सोलत होते. झोळी समोर, रिकामी, वाऱ्यानं जरा जरा हलत होती. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"आई, एक डाव झोप ना त्यात. माझ्यासाठी."

तिनं झोळीकडं पाहिलं. मग हातातले दाणे ताटात टाकले, हात झटकले, गुडघ्यावर जोर देऊन उठली. मी धरायला गेले तर म्हणाली, "राहू दे, येते मले." झोळीच्या कडेला बसली, मागं झाली आणि न सांगता अंग वळवलं. डोकं एका बाजूला, कंबर दुसऱ्या बाजूला.

"तिरकी ना?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. इतक्या वर्षांपूर्वी, एका दुपारी, दहा वर्षांच्या पोरीनं सांगितलेलं तिनं जपून ठेवलं होतं. मी झोका दिला, हलकासा, ती मला द्यायची तसा. कडुनिंबाची पिकली पानं तिच्या अंगावर पडत होती. तिनं डोळे मिटले, उघडले, मान उचलून फाटकाकडं पाहिलं.

"कोणी येऊन राह्यलं का?"

"कोणी नाई येत, आई. तू झोप."

तिनं डोळे मिटले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"तवाबी तू असंच म्हनली होती."

मी खुर्ची ओढली, फाटकाकडं तोंड करून तिच्या उशाशी बसले. पाहिलं तर तिचा एक पाय झोळीबाहेर होता, तळवा जमिनीला टेकलेला.

"पाय वर घे ना आई," मी म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली. "उठाले बरं पडते."